वापरलेले ग्राफिक्स कार्ड: पारख आणि व्यवहार

वापरलेल्या ग्राफिक्स कार्डांच्या बाजाराला आजचे रूप आले ते १५ सप्टेंबर २०२२ नंतर. त्या दिवशी इथेरियम या आभासी चलनाने आपली यंत्रणा बदलली आणि ग्राफिक्स कार्डे रात्रंदिवस चालवून ते चलन मिळवण्याचा, म्हणजे मायनिंगचा, धंदा एका दिवसात बसला. त्याआधीची दोन वर्षे नवे कार्ड मूळ किमतीत मिळणे मुश्कील होते. आता जगभरच्या मायनिंगवाल्यांनी आपापला माल विकायला काढला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि टेलिग्रामवरचे गट या सगळ्यांतून ही कार्डे तेव्हापासून हातोहात फिरत आहेत. गिऱ्हाइकेही बदलली. पूर्वी फक्त गेम खेळणारी मुले जुनी कार्डे घेत. आता व्हिडिओ संपादन करणारे, ब्लेंडरवर काम करणारे आणि घरच्या संगणकावर भाषा-प्रारूपे चालवून पाहणारे विद्यार्थीही घेतात. आरटीएक्स ३०९० हे २०२० सालचे कार्ड अजून मागणीत आहे ते त्याच्या २४ जीबी मेमरीमुळे.

अशा खरेदीत पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो, ‘मायनिंगला वापरलेले नाही ना?’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. उत्तर कायम ‘नाही’ असेच येते आणि ते तपासण्याचा खात्रीचा मार्ग नसतो. कार्डाचा भूतकाळ विक्रेता सांगेल तेवढाच कळतो. आजची अवस्था मात्र अर्ध्या-पाऊण तासात मोजता येते. त्यामुळे सगळा जोर मोजण्यावर हवा आणि जे मोजू दिले जात नाही त्याची किंमत भावातून वजा व्हायला हवी.

कार्डात नेमके काय झिजते हे आधी पाहावे. मुख्य चिप नुसत्या वापराने सहसा मरत नाही. तिला त्रास होतो तो तापण्या-निवण्याच्या चक्रांचा. चिप, तिच्याखालचा आधार आणि सर्किट बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि मधले डाखाचे सूक्ष्म सांधे हळूहळू तडकतात. सदोष सांध्यांच्या अशाच प्रकरणात एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. मायनिंगचे कार्ड दिवसरात्र एकाच तापमानाला चालते आणि विजेचे बिल वाचवण्यासाठी त्याच्या चिपचा व्होल्टेज बहुधा उतरवलेला असतो. म्हणजे चिपच्या बाबतीत ते रोज संध्याकाळी गेमसाठी तापवलेल्या कार्डापेक्षा वाईटच असेल असे नाही. पण इथेरियमचे मायनिंग मेमरीच्या वेगावर चाले, त्यामुळे मेमरी मात्र सतत पूर्ण ताणात राही. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० मधली जीडीडीआर६एक्स मेमरी आधीच तापट. त्यातही ३०९० मध्ये निम्म्या मेमरी चिपा बोर्डाच्या पाठीमागे असून तिथे पंख्याचा वारा पोचत नाही. अशा कार्डाची मेमरी, थर्मल पॅड आणि पंख्यांची बेअरिंग ही तीन ठिकाणे बारकाईने पाहायची. पंखा बदलता येतो, चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट आणि पॅड बदलता येतात; मेमरी चिप बदलणे हे कसबी कारागिराचे काम असून त्याचा खर्च अनेकदा कार्डाच्या किमतीशी स्पर्धा करतो.

कोणते कार्ड घ्यायचे हे ठरवताना नावाच्या जाळ्यात अडकू नये. कंपन्यांनी एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकलेला आहे. जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी आवृत्तीत १२८० गणन-गाभे आहेत, तर ३ जीबीच्या आवृत्तीत ११५२. फरक फक्त मेमरीचा नाही. आरएक्स ५८० मध्ये २३०४ गाभे असतात, पण ‘२०४८ एसपी’ अशी शेपटी लावलेली आवृत्ती मुळात आरएक्स ५७० च्या तोलाची आहे आणि जाहिरातीत ती शेपटी गळून पडते. जीटी १०३० ची डीडीआर४ आवृत्ती मेमरीच्या वेगात जीडीडीआर५ आवृत्तीच्या जेमतेम एकतृतीयांश आहे. आरटीएक्स ३०६० चेही १२ जीबी आणि ८ जीबी असे दोन प्रकार असून दुसऱ्यात मेमरीचा मार्ग १९२ ऐवजी १२८ बिटांचा आहे.

ड्रायव्हरचे आयुष्यही पाहावे लागते. एनव्हिडियाने केप्लर पिढीच्या, म्हणजे बहुतेक जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकांच्या, डेस्कटॉप कार्डांसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबवले. मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी, ते ऑक्टोबर २०२५ पर्यंतच आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या, असे कंपनीने जाहीर केले. जुने खेळ आणि साधे काम यांना त्याने काही अडत नाही, पण ‘अजून पाच वर्षे आरामात चालेल’ हे विक्रेत्याचे वाक्य त्या हिशेबाने ऐकावे. विजेचे गणित साधे आहे. मदरबोर्डाच्या खाचेतून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. जीटीएक्स १६५० ला खाचेतली वीज पुरू शकते. आरटीएक्स ३०८० एकटेच ३२० वॅट ओढते. घरचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, लोकल असेल तर स्वस्तात मिळालेले कार्ड नवा एसएमपीएस घ्यायला लावते आणि सगळा सौदा महागात पडतो.

बनावट कार्डे हा वेगळाच प्रकार. २०१०-११ सालची जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय ही कार्डे घ्यायची, त्यांच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डावरच्या मूळ प्रोग्राममध्ये, खोटे नाव भरायचे, नवे आवरण चढवायचे आणि ‘जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी’ म्हणून विकायची, असा हा धंदा आहे. विंडोजही ते खोटे नाव निमूटपणे दाखवते. यातली एक खूण नुसत्या डोळ्यांना दिसते: निळ्या रंगाचे जुने व्हीजीए पोर्ट. एनव्हिडियाच्या १००० मालिकेच्या चिपमधून ॲनालॉग चित्र बाहेर देण्याची सोयच काढून टाकलेली आहे, त्यामुळे व्हीजीए पोर्ट असलेले ‘१०५० टीआय’ दिसले की बोलणी तिथेच थांबवलेली बरी. दुसरी खूण म्हणजे एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून घेतलेला ताजा ड्रायव्हर अशा कार्डावर बसत नाही किंवा बसताच निळा पडदा येतो. ‘सोबतच्या सीडीतलाच ड्रायव्हर टाका’ ही सूचना म्हणजे चोराने दिलेली कबुलीच.

बनावटगिरी पकडण्याचे रोजचे हत्यार म्हणजे टेकपॉवरअपचे जीपीयू-झेड. हा छोटा प्रोग्राम फुकट आहे आणि इन्स्टॉल न करताही चालतो. अनेक जुन्या चिपांवर नवे नाव चढवले असेल तर तो ते नाव ‘फेक’ या शिक्क्यासह दाखवतो. तरी फक्त शिक्क्यावर विसंबू नये. गाभ्यांची संख्या, मेमरीचा प्रकार आणि मेमरीचा मार्ग ही तीन घरे वाचून टेकपॉवरअपच्याच यादीशी ताडून पाहावीत. खऱ्या १०५० टीआयला ७६८ गाभे हवेत, सोंग घेतलेल्या जीटीएस ४५० मध्ये ते १९२ च असतात. हा प्रोग्राम विक्रेत्याच्या संगणकावर आधीच असलेला वापरू नये. तो आपल्या पेनड्राइव्हवरून चालवावा. विक्रेत्याने पाठवलेला त्याचा स्क्रीनशॉट तर विचारातच घेऊ नये.

कागदपत्रांत पहिले काम बिलाचे. भारतात नव्या कार्डावर बहुधा तीन वर्षांची वॉरंटी असते, पण ती कशी मोजतात यात फरक आहे: काही ब्रँड कार्डावरच्या सिरीयल नंबरावरून मोजतात, काही मूळ बिल मागतात, काही पहिल्या मालकाने नोंदणी केली असेल तरच वाढीव वर्षे देतात. परदेशातून बॅगेतून आणलेल्या कार्डाला इथे वॉरंटी मिळेलच असे नाही. म्हणून विक्रेत्याकडून सिरीयल नंबर आधी मागून घ्यावा, ब्रँडच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्राकडे फोन करून विचारावे आणि मग भावाचे बोलावे. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. दुकानाचे नाव जुळले नाही तर बिल घरी छापलेले आहे. खोका, कार्ड आणि बिल या तिन्हींवरचा सिरीयल नंबर एकच हवा. खोका एकाचा आणि कार्ड दुसऱ्याचे हे मायनिंगच्या मालात सर्रास आढळते, कारण शंभर कार्डे एकदम काढताना कोणी जोड्या लावत बसत नाही.

प्रत्यक्ष कार्ड हातात आल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून पाहावे. सुरुवात सोनेरी दातांपासून. त्यांच्या लगत बोर्डावर राईएवढे कपॅसिटर ओळीने असतात. कार्ड बेफिकिरीने ठेवले-काढले की त्यातला एखादा उडतो. कार्ड तरीही चालते, पण त्याला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या सोळा मार्गांपैकी काही बंद पडतात. त्यानंतर दातांच्या टोकाशी, मदरबोर्डाचे कुलूप जिथे अडकते त्या खाचेचा कोपरा. जड कार्डे आधाराविना आडवी लोंबत राहिली, किंवा कॅबिनेटसकट कुरिअरने पाठवली, की बोर्डाला चीर पडते ती बहुधा इथेच. ही चीर केसाएवढी असते आणि तिच्यातून गेलेल्या आतल्या थरांतल्या वाटा जोडणे बहुतेक वेळा शक्य होत नाही. पुढे वीज-जोडणीचे तोंड: प्लॅस्टिक पिवळट, फुगलेले किंवा वितळलेले नको. आरटीएक्स ४०९० च्या सोळा पिनांच्या जोडणीत हे विशेष पाहावे. ऑक्टोबर २०२२ पासून ती वितळण्याच्या तक्रारी जगभरातून आल्या आहेत.

गंजाचा अर्थ लावताना गाव लक्षात घ्यावे लागते. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी चांगल्या घरात वापरलेल्या कार्डाची पोर्टांकडची धातूची पट्टीही दोन-तीन पावसाळ्यांत तांबडट होते. तेवढ्यावरून माल नाकारण्याचे कारण नाही. मात्र पंख्यांच्या आवरणाखालच्या स्क्रूंना गंज, हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी भुकटी आणि धुळीचा कण नाही, असा संगम दिसला तर कार्ड पाण्याने धुतलेले असावे. मायनिंगच्या मालावर पाण्याचे फवारे मारून तो धुतानाची चित्रफीत २०२२ मध्ये व्हिएतनाममधून जगभर फिरली होती. याउलट थोडी धूळ असणे चांगले. ती प्रामाणिक असते. थर्मल पॅडांतून झिरपलेले तेलकट ओघळही घाबरवतात, पण ते सिलिकॉनचे तेल असून सहसा निरुपद्रवी असते.

स्क्रूची डोकी घासलेली असली की कार्ड उघडलेले आहे. उघडलेले म्हणजे वाईट, हा समज चुकीचा आहे. चार वर्षांच्या कार्डाची पेस्ट बदललेली असणे उलट फायद्याचे. फक्त विक्रेत्याने ते स्वतःहून सांगायला हवे आणि पॅड योग्य जाडीचे बसवलेले हवेत. अर्ध्या मिलिमीटरने जाड पॅड लावला तरी हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि कार्ड उघडले नसते तर बरे होते अशी स्थिती येते. हे डोळ्यांना दिसत नाही, चाचणीत दिसते.

चाचणी विक्रेत्याच्या घरी किंवा दोघांना मान्य असलेल्या दुकानात व्हावी आणि शक्यतो कार्ड थंड असताना सुरू व्हावी. पोचताच हात लावून पाहावा. आधीच गरम असेल तर का, हे विचारावे. काही बिघाड थंड कार्डातच दिसतात आणि एकदा तापल्यावर दबून जातात. संगणक सुरू होताना बायॉसच्या पडद्यावरच रंगीत ठिपके, उभ्या रेषा किंवा बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन दिसले तर पुढे काही पाहायचे उरत नाही. मेमरी किंवा तिचे सांधे गेलेले आहेत. नंतर जुना ड्रायव्हर काढून अधिकृत ड्रायव्हर नव्याने टाकावा. विक्रेत्याला हा वेळखाऊपणा वाटतो, पण एएमडीच्या जुन्या कार्डांत, विशेषतः आरएक्स ४७० ते ५८० मध्ये, मायनिंगसाठी बदललेले बायॉस इथेच उघडे पडते. ते असेल तर नवा ड्रायव्हर कार्ड स्वीकारत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह ‘कोड ४३’ किंवा तशीच काही चूक झळकते. बायॉस मूळचे करता येते, पण ते काम विक्रेत्याने करून द्यावे, गिऱ्हाइकाने घरी नेऊन नव्हे.

मग ताण. फरमार्क हा प्रोग्राम कार्डाला पूर्ण क्षमतेने तापवतो. दहा-पंधरा मिनिटांत तापमान चढून स्थिर होते. शेजारी तापमाने दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो उघडे ठेवावे. चिपचे सरासरी तापमान आणि तिच्यावरच्या सर्वांत तप्त बिंदूचे, म्हणजे हॉटस्पॉटचे, तापमान यांत १० ते १५ अंशांचा फरक सामान्य आहे. फरक २५-३० अंशांच्या पुढे गेला तर पेस्ट वाळलेली आहे किंवा हीटसिंक वाकडा बसला आहे. जीडीडीआर६एक्स मेमरीसाठी ११० अंश ही हद्द आहे. तिथे पोचताच कार्ड स्वतःचा वेग उतरवते. हे आकडे वाचताना खोलीचे तापमान जमेस धरावे. डिसेंबरातल्या पुण्यात ७० अंश दाखवणारे कार्ड मे महिन्यातल्या नागपुरात, कूलर नसलेल्या खोलीत, ८५ च्या घरात जाईल आणि त्यात कार्डाचा दोष नाही.

फरमार्क पुरेसा नाही, हे मात्र अनेकांना माहीत नसते. तो एकसारखा ताण देतो, तर खरे खेळ क्षणात ताण वाढवतात, क्षणात सोडतात. दुबळे वीज-घटक अशा झटक्यांतच हार मानतात. म्हणून युनिजिनची हेवन किंवा सुपरपोझिशन ही चाचणी किंवा विक्रेत्याकडे असलेला एखादा जड खेळ वीस मिनिटे चालवावा. पडदा काळा होऊन पंखे एकदम सुसाट सुटले तर ते वाईट लक्षण. ताण चालू असताना जीपीयू-झेडमध्ये मार्गांची संख्या पाहावी. १६ अपेक्षित असताना ८ किंवा ४ दिसले तर दातांजवळचा तो उडालेला कपॅसिटर आठवावा. आधी कार्ड शेजारच्या खाचेत तर बसवलेले नाही ना, हेही पाहून घ्यावे. आरएक्स ६६०० ला मुळातच ८ आणि आरएक्स ६५०० एक्सटीला ४ मार्ग आहेत, तिथे ही शंका घेऊ नये.

मेमरीसाठी वेगळी चाचणी हवी, कारण साध्या खेळात सगळी मेमरी भरतच नाही. ओसीसीटी या प्रोग्राममधली व्हीरॅम चाचणी किंवा मेमटेस्ट व्हल्कन पाच-दहा मिनिटे चालवावे. एकही चूक आली तरी ती चूकच. ‘ओव्हरक्लॉक आहे म्हणून’ असे उत्तर मिळाले तर ओव्हरक्लॉक काढून पुन्हा चालवावे. शेवटी प्रत्येक एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट तोंडाला केबल लावून चित्र येते का ते बघावे आणि पंख्यांचा आवाज कान देऊन ऐकावा. खरखर म्हणजे बेअरिंग गेलेले. ताणाखाली येणारी बारीक किणकिण, कॉइल व्हाइन, त्रासदायक असली तरी बिघाड नव्हे.

दुरुस्त केलेली कार्डे या चाचण्यांतून कधी कधी निसटतात. बंद पडलेल्या कार्डाला गरम हवेचा झोत देऊन किंवा चक्क ओव्हनमध्ये भाजून सांधे तात्पुरते जुळवता येतात. असे कार्ड तासभर सुरळीत चालते आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, पुन्हा मरते. चिपच्या कडांना चिकट फ्लक्सचे डाग, आजूबाजूचे स्टिकर तपकिरी झालेले, प्लॅस्टिकच्या कडा वळलेल्या या त्याच्या खुणा. त्या दिसण्यासाठी हीटसिंक काढावा लागतो आणि क्वचितच कोणी काढू देतो. यावर एकच उतारा आहे: सात दिवसांची परतीची लेखी बोली. दुकानदार ती बहुधा देतो, खासगी विक्रेता बहुधा देत नाही, आणि दोघांच्या भावातला रास्त फरक हाच.

‘किरकोळ बिघाड, दुरुस्त होईल’ अशा वर्णनाची महागडी कार्डे घेऊच नयेत. अमेरिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये आरटीएक्स ४०९० ची चीनला होणारी निर्यात रोखली. त्यानंतर तिथल्या कारखान्यांनी ४०९० च्या मूळ चिप आणि मेमरी काढून एआयच्या कामासाठी दुसऱ्या बोर्डांवर चढवल्या. रिकामे सांगाडे जुन्या मालाच्या बाजारात आले. बाहेरून सर्व शाबूत, वजनही तेवढेच, आणि हीटसिंक काढल्यावर मधोमध चिपच नाही, असे प्रकार दुरुस्ती करणाऱ्यांना आढळले आहेत.

कुरिअरने माल मागवायचा असेल तर आधी व्हिडिओ कॉलवर कार्ड चालताना आणि त्याचा सिरीयल नंबर त्याच दृश्यात दिसायला हवा. पार्सल हाती आल्यावर सीलबंद खोक्यापासून चाचणीपर्यंतचे अखंड चित्रीकरण करावे. पैशांच्या बाबतीत यूपीआयचा एक नियम पाठ हवा: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. विकणारा असो वा घेणारा, ‘पैसे मिळवण्यासाठी हा कोड स्कॅन करा’ असे समोरचा म्हणाला की तो भामटा. लष्करात असल्याचे सांगून, बदली झाली म्हणून घाईने विकतो आहे अशी बतावणी करणेही जुनेच. टोकन म्हणून मागितलेली आगाऊ रक्कम न पाहिलेल्या मालावर देऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे; पहिल्या काही तासांत पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता असते.

व्यवहार समोरासमोर झाला तरी साध्या कागदावर पावती करावी. तीत कार्डाचे पूर्ण नाव, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या असाव्यात. नेट कॅफे किंवा कार्यालयातून उचललेली कार्डे बाजारात येतात आणि चोरीचा माल समजूनउमजून बाळगणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पावती द्यायला कां-कूं करणाऱ्याचा भाव कितीही उतरता असला तरी तो माल सोडावा.

कार्ड घरी आल्यावर जीपीयू-झेडमधून त्याच्या बायॉसची प्रत काढून ठेवावी आणि पहिल्या दिवशीची तापमाने टिपून ठेवावीत, म्हणजे पुढे हॉटस्पॉट चढू लागला की लगेच कळते. परतीची बोली असेल तर त्या सात दिवसांत कार्ड जपून न वापरता रोज तास-दोन तास दामटावे. पंख्याची गती हाताने ठरवता येते, आणि एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये विजेची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली तर बहुतेक कार्डांचा वेग थोडाच उतरतो, उष्णता मात्र चांगली कमी होते. वॉरंटी संपलेली असेल आणि चिपचे सरासरी तापमान व हॉटस्पॉट यांतला फरक २५ अंशांच्या आसपास असेल, तर पेस्ट आणि पॅड बदलून घ्यावेत. पॅडांची मूळ जाडी त्या नेमक्या मॉडेलसाठी आधी शोधून ठेवावी, कारण एकाच नावाच्या कार्डातही ती ब्रँडागणिक वेगळी असते.